पुनवेला पाऊस लागतो म्हणतात, ते खरं का?

मृग कोरडा गेला की आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, वीतभर झालेला असतो, त्याचे शेंडे पिवळे पडायला लागलेले असतात, समुद्राकडून सह्याद्रीकडे पांढरे ढग नुसते पळताना दिसतात आणि थेंब काही पडत नाही. अशा वेळी पडवीत बसलेलं कुणीतरी जुनंजाणतं माणूस पंचांग न उघडताच सांगून मोकळं होतं, "पुनव होऊंदे, मग लागेल." पुनवेला नाही लागला तर, "आता अवसेला." माझी आजी हे इतक्या खात्रीनं म्हणायची की त्यावर शंका घेणं म्हणजे उद्धटपणा वाटायचा. आणि खरं सांगायचं तर पाऊस लागायचाही. कधी पुनवेच्या आदल्या दिवशी, कधी चार दिवस उलटून, पण लागायचा.

या समजुतीला हसण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. चंद्राची पाण्यावर सत्ता चालते हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही, तो ते दिवसातून दोनदा बघतो. खाडीकाठच्या घरांमध्ये अजूनही भरतीचं गणित तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीनच्या आसपास. अवस-पुनवेला सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री. मग ओहोटी सहा तासांनी. मिनिटाचा हिशोब यात जुळत नाही, पण कालवं काढायला केव्हा उतरायचं, होडी बंदरातून केव्हा काढायची, एवढ्यापुरतं ते पक्कं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. त्या पन्नास मिनिटांचीच ही पाऊणपट.

अवस-पुनवेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आल्यासारखे असतात. दोघांची ओढ एकत्र येते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीला दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा भांग लागतो. भांगात पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरचा, मोठ्या उधाणाला त्याहूनही जास्त. मालवणकडे जाता जाता तो जवळपास निम्म्यावर येतो.

आता यापुढचा विचार कुणाच्याही मनात येईल. एवढा मोठा समुद्र चंद्र उचलतो, तर वर पसरलेली हलकीफुलकी हवा आणि तिच्यातले ढग त्याला काय जड? प्रश्न अगदी रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही तो दोनशे वर्षं छळत होता.

आधी समुद्राचंच बघू. चंद्राची जी ओढ भरती आणते ती किती असावी? आपल्या वजनाच्या सुमारे एक कोटीवा भाग. एवढ्याशा ओढीनं खोल समुद्राच्या मधोमध पाणी चढतं तेही मीटरभराच्या आतच. पण समुद्राला काठ आहे. परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात चालत गेलात तर मधलं पाणी जेमतेम हलतं आणि कडेला मात्र उसळून बाहेर सांडतं. किनाऱ्याजवळ तळ उथळ होत जातो, गुजरातेत खंबातच्या आखाताकडे दोन्ही बाजूंनी जमीन जवळ येते, आणि तेच थोडंसं चढलेलं पाणी दाटून मीटरांच्या हिशोबात वर येतं. मुंबईला जास्त आणि मालवणला कमी असण्याचं कारण हेच. चंद्र दोन्हीकडे सारखाच असतो.

हवेला असा काठ नाही. ती पृथ्वीला सगळीकडून गुंडाळलेली आहे, दाटून वर यायला तिला भिंत नाही. तरीही तिला भरती येते, हे मोजून झालेलं आहे. फ्रेंच गणिती लाप्लास यानं पॅरिसच्या वायुभारमापकाच्या नोंदींमध्ये चंद्राचा माग काढायचा प्रयत्न केला, पण हाती खात्रीचं काही आलं नाही, कारण तिकडे हवेचा दाब एरवीच इतका खालीवर होत असतो की त्यात हा बारीक हेलकावा बुडून जातो. तो सापडला अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर, १८४०च्या दशकात. उष्ण कटिबंधातलं बेट, शांत दाब, वर्षानुवर्षांच्या नोंदी, म्हणून जमलं. चंद्रामुळे हवेचा दाब दिवसातून दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. किती? हवेचा दाब मोजतात त्या एककाच्या, एका हेक्टोपास्कलच्या, दहाव्या भागाइतकाही नाही.

हा आकडा कागदावर काही सांगत नाही, म्हणून घरातलं उदाहरण घेऊ. उंचावर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, साधारण आठ-साडेआठ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल. म्हणजे चंद्र जो फरक पाडतो तो सत्तर-ऐंशी सेंटिमीटर चढण्या-उतरण्याएवढा. तुम्ही पडवीतून चार-पाच पायऱ्या उतरून अंगणात आलात की तुमच्या भोवतीचा दाब जेवढा वाढला, तेवढी चंद्राची हवेवरची कर्तबगारी. आपल्याकडे ऊन-सावलीमुळेच दाब रोज सकाळी दहाला आणि रात्री दहाला चढतो, चारला उतरतो, आणि तो हेलकावा याच्या दहापटींहून जास्त असतो. चक्रीवादळाच्या मध्याशी तर दाब वीस-पंचवीस हेक्टोपास्कलनं, कधी त्याहूनही जास्त पडलेला असतो.

मग पावसावर काहीच परिणाम नाही का? आहे, आणि इथे मला स्वतःला मजा वाटली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या त्सुबासा कोहयामा आणि जॉन वॉलेस यांनी उपग्रहानं मोजलेल्या उष्ण कटिबंधातल्या पावसाच्या पंधरा वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला. चंद्र डोक्यावर असतो किंवा बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतो, तेव्हा हवेचा दाब किंचित वाढतो, दाबल्यामुळे हवा किंचित तापते, तापलेल्या हवेची आर्द्रता टक्केवारीत उतरते, आणि पाऊस किंचित कमी होतो. सगळंच किंचित. पावसातला फरक जेमतेम एक टक्का. म्हणजे शंभर मिलिमीटर पडणार असेल तिथे एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे. पागोळीखाली बादली ठेवून हा फरक कुणाला कळायचा नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. हा परिणाम चंद्र आकाशात कुठे आहे यावर ठरतो, त्याची कला कोणती आहे यावर नाही. चंद्र रोजच एकदा डोक्यावर येतो आणि एकदा पायाखाली जातो. पुनवेला मध्यरात्री डोक्यावर, अवसेला भर दुपारी. अवसेला तो नाहीसा होत नाही, आपल्याला दिसत नाही इतकंच. त्याचं वजन तेच, ओढ तीच. कला म्हणजे त्याच्या उजेड पडलेल्या भागापैकी आपल्याला किती दिसतो, एवढाच हिशोब.

उजेडाचंच म्हणाल तर पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या सुमारे चार लाखांश. १९९५ साली उपग्रहांच्या नोंदींवरून असंही दाखवलं गेलं की पुनवेच्या सुमाराला पृथ्वीलगतची हवा अवसेपेक्षा अंशाच्या दोन शतांशानं उबदार असते. खरंच असेल तसं. पण कोजागरीला आटीव दूध पिताना लागणारी थंडी चंद्राची नसते. आभाळ निरभ्र असतं म्हणून दिवसभराची ऊब निसटून वर जाते, आणि आभाळ निरभ्र असतं म्हणूनच चंद्रही दिसतो. एका कारणाची ही दोन लेकरं, आणि आपण त्यातल्या एकाला दुसऱ्याचा बाप ठरवतो.

पुनवेची बाजू घेणारा पुरावा अजिबात नाही असंही नाही. १९६२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या आणि न्यूझीलंडमधल्या पावसाच्या नोंदींवर लेख आले होते. अवस किंवा पुनव उलटल्यावर काही दिवसांनी जोरदार पाऊस पडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, असं त्यात म्हटलं होतं. ते थोडंच होतं, आणि तसाच नमुना सगळीकडे मिळत नाही. मी पावसाचा अंदाज त्यावर बांधणार नाही.

कोकणातला पाऊस बांधला जातो तो वेगळ्याच गोष्टींनी. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पानं भरलेले नैऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात आणि चढतात, तिथे पाऊस. किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो आणखी दणकून. बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला की इकडच्या वाऱ्यांना ओढ लागते, पुन्हा पाऊस. शिवाय विषुववृत्ताच्या आसपास ढगांचा एक मोठा जथा तीस ते साठ दिवसांच्या अंतरानं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असतो. तो हिंदी महासागरात असला की आपल्याकडे जोर वाढतो, पुढे सरकला की उघडीप. म्हणून पावसाळा सलग नसतो. दहा-पंधरा दिवस लागतो, मग काही दिवस दम घेतो. आणि बघा, अवस ते पुनव अंतर किती? पंधरा दिवस. दोन वेगवेगळी घड्याळं साधारण सारख्या चालीनं टिकटिकत असली तर अधूनमधून त्यांचे ठोके एकत्र पडणारच.

आजीचं भाकीत खरं ठरायचं त्याचं दुसरं कारण याहून साधं. "पुनवेच्या आसपास" म्हणजे नेमकं किती? तीन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर धरले तर पुनवेचे सात आणि अवसेचे सात, मिळून चौदा दिवस. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे जवळजवळ अर्धा महिना आपण आधीच खिशात घातला! उरलेल्या अर्ध्यात लागलेला पाऊस नुसता पाऊस असतो, त्याला नाव नसतं, म्हणून तो लक्षातही राहत नाही.

मी माझ्या आठवणीतली मोठी संकटं पंचांगाशी लावून बघितली. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. चिपळूण बुडालं २२ जुलै २०२१ ला, गुरुपौर्णिमा अगदी तोंडावर. महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, तेव्हा तर चक्क दिव्यांची अवस. इथपर्यंत आलात की आजीचा विजय. पण फयान वादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, त्रिपुरी पौर्णिमा होऊन नऊ दिवसांनी. तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं ते १६ मे २०२१ ला, अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनी, ना पुनव ना अवस. आणि २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, तेव्हा गुरुपौर्णिमा उलटून पाच दिवस झाले होते. तीन इकडे, तीन तिकडे. सहा घटनांवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही लगेच सांगतो. शिवाय त्या मीच निवडल्या आहेत. पण पहिल्या तीन कुणी वादात पुढे केल्या तर उरलेल्या तीन विचारायला हरकत नाही.

"मग नक्षत्रांचं काय?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. पावसाची नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात जातो. आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमाराला, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. हे सौर वर्षाचं वेळापत्रक आहे, आणि मोसमी पाऊसही सूर्याच्याच तालावर येतो-जातो, म्हणून शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलं. चंद्र त्यात शिरतो तो पंचांगात प्रत्येक नक्षत्राला जे वाहन देतात त्याच्या वाटेनं. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून बेडूक, कोल्हा, हत्ती ठरवायचा. हिशोब सुबक आहे. पण त्यातून निघालेला बेडूक कोकणातल्या गुहागरलाही तोच आणि दुष्काळी जतलाही तोच, एवढं पुरे.

नारळी पौर्णिमेचंही असंच. पुनवेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो म्हणतात. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती. २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे ती ३० ऑगस्टला गेली. जवळजवळ महिन्याचा फरक. दर्या काही अधिक महिन्याची वाट बघत खवळलेला राहत नाही. श्रावणात नैऋत्येच्या वाऱ्यांचा जोर उतरू लागतो, लाटा बसतात, आणि त्या सुमाराला सोयीचा मोठा सण म्हणजे पुनव. सरकारी मासेमारी बंदी मात्र इंग्रजी तारखेनं संपते, ३१ जुलैला, पुनव असो नसो. सणाबद्दल माझी काही तक्रार नाही. होड्या सजलेल्या बघायला मला दरवर्षी आवडतं.

चंद्राकडे बघून हवामानाचा अंदाज बांधायची एक रीत मात्र बरीचशी बरोबर आहे: खळं. चंद्राभोवती मोठं फिकट कडं पडतं ते. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढ्या लांबून ते चंद्राला घेरतं. खूप उंचावर बर्फाच्या बारीक स्फटिकांचा पातळ ढग पसरला की त्या स्फटिकांतून चांदणं वळतं आणि कडं दिसतं. असे ढग पुष्कळदा दूरच्या वादळी ढगांच्या माथ्यावरून पसरत आलेले असतात, म्हणून खळं पडल्यावर पाऊस येण्याला काहीतरी अर्थ आहे. पण चंद्राचं काम इथे कंदिलाचं. भर पावसाळ्यात तर खालच्या काळ्या ढगांआड चंद्रच दिसत नाही, खळं कुठून दिसणार?

तर पाऊस पाडण्यात चंद्राचा वाटा बादलीत न दिसण्याइतका. पण पडलेल्या पावसानं समुद्रात केव्हा जायचं, हे मात्र किनाऱ्यावर चंद्रच ठरवतो, आणि माझ्या मते अवस-पुनवेची सगळी भीती मुळात तिथून आलेली आहे. चिपळूणची वाशिष्ठी घ्या. गोवळकोटपर्यंत भरतीचं पाणी येतं. सह्याद्रीत ढगफुटीसारखा पाऊस कोसळून नदी फुगलेली आणि त्याच वेळी खाडीत उधाण चढतंय, असं झालं की वरून आलेल्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. तोच पाऊस भांगात पडला तर पूर थोडा लवकर उतरेल. मुंबईत पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस जाहीर करतात ते याचसाठी. २००५ च्या त्या २६ जुलैला दुपारी तीनच्या आत ४.४८ मीटरची भरती होती. वादळ असेल तर आणखी भर: हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं पडला की समुद्र सेंटिमीटरभर वर येतो, वाऱ्यानं ढकललेलं पाणी वेगळंच. हे सगळं उधाणाच्या डोक्यावर बसलं की बंधारे फुटतात.

म्हणून कोकणातल्या माणसानं पावसाळ्यात दोन कागद शेजारी ठेवावेत. हवामान खात्याचा अंदाज, ज्यात तिथी कुठेही नसते, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक, ज्यात चंद्राशिवाय पान हलत नाही.

हे मला नीट कळलं ते एका खारबंधाऱ्यावर. आमच्या गावची थोडी भातजमीन खाडी अडवून केलेली आहे. बांधाला उघाडी आहे, म्हणजे पाणी बाहेर सोडायची वाट आणि तिला बाहेरच्या अंगाला लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं; भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, माणसाला हात लावावा लागत नाही. आषाढातली पुनव होती, तीन दिवस सलग पाऊस, लावणी नुकती झालेली. रात्री अकराला आम्ही चौघं इरलं-बॅटरी घेऊन बांधावर गेलो तेव्हा रोपं दिसतच नव्हती, आत नुसतं तळं. बाहेर खाडी बांधाच्या काठाला वीतभर राखून चढलेली, झडप घट्ट मिटलेली. चंद्र ढगांच्या वर कुठेतरी बरोबर डोक्यावर असणार. करण्यासारखं काही नव्हतं. बांधाला कुठे भोक पडतंय का तेवढं बघत उभं राहायचं. बरोबरच्या काकांनी बोटावर तिथी मोजली आणि म्हणाले, "तीनशिवाय सुटायची नाही."

तीन वाजून गेल्यावर झडप एकदा थडकली, मग पुन्हा, आणि फटीतून आतलं गढूळ पाणी खाडीत पडायला लागलं. पाऊस तेव्हाही चालूच होता.